चीटशीट लिहायला सुरुवात करताना
कमांडची स्वतःची छोटी टिपणे, म्हणजेच चीटशीट, लिहायची तर ‘चीट’पासून (अशी टिपणे टर्मिनलमध्ये लिहू आणि पाहू देणाऱ्या प्रोग्रॅमपासून) सुरुवात करण्याचा आपला विचार योग्यच आहे. ‘चीट -ई टार’ ही कमांड दिली की ‘टार’चे, म्हणजे फाईली एकत्र बांधणाऱ्या आणि सोडवणाऱ्या कमांडचे, टिपण एडिटरमध्ये उघडते. मॅन पानातले (कमांडसोबत येणाऱ्या माहितीपानातले) सगळे पर्याय त्यात उतरवून काढण्याचा मोह नवशिक्यांना हमखास होतो, आणि मग हवी ती ओळ त्या गर्दीत सापडत नाही.

- स्वतः चालवून पाहिलेलीच कमांड लिहा आणि तिच्या वर, हॅश चिन्ह देऊन, ती काय करते ते एका ओळीत नोंदवा.
- हात जिथे चुकतो ते आवर्जून टिपा: ‘-एक्सझेडएफ’ऐवजी ‘-एक्सएफझेड’ लिहिल्यास ‘टार’ ‘एफ’नंतर आलेल्या ‘झेड’लाच फाईलचे नाव समजते.

टॅग (टिपणांचे गट पाडणारी लेबले) सध्या बाजूला ठेवा. रोजच्या चारपाच कमांडची टिपणे आधी होऊ द्या.