श्रमाची कमाई, भांडवलाची मिळकत आणि कराचा दर

प्रिय विद्यार्थ्यास,

अनेक आशीर्वाद.

तुझे टिपण बारकाईने वाचले. वेतनावरचा कर गुंतवणुकीच्या उत्पन्नावरील करापेक्षा कमी असावा, हा तुझा निष्कर्ष मला मनापासून मान्य आहे. मात्र ‘कष्टाचा पैसा अधिक पवित्र’ एवढ्याच विधानावर तू तो उभा केला आहेस, आणि तेवढ्या आधारावर तो टिकणार नाही.

खरा आधार झिजेचा आहे. यंत्र झिजते हे करकायदा मान्य करतो, म्हणून मालकाला दरवर्षी घसारा उत्पन्नातून वजा करता येतो. पण तेच यंत्र चालवणाऱ्याचे डोळे, पाठ आणि गुडघे झिजतात, त्याची वजावट मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही. माणूस अंथरुणाला खिळला की वेतन आज ना उद्या थांबते, लाभांश येतच राहतो. श्रमाच्या कमाईला सवलत देणे ही काही नवी कल्पना नव्हे. १९०७ मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री अ‍ॅस्क्विथ यांनी २००० पौंडांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांच्या श्रमाच्या कमाईवरील कर पौंडामागे एक शिलिंगावरून (म्हणजे बारा पेन्सांवरून) नऊ पेन्सांवर आणला. अमेरिकेत १९२४ साली हाच आग्रह धरणारे अर्थमंत्री अँड्र्यू मेलन तर स्वतः गडगंज बँकर होते, हे आवर्जून लिही.

दुसरा मुद्दा वेळेचा. पगारदाराचा कर बहुधा पगार हाती पडण्यापूर्वीच कापला जातो. शेअरचा भाव कितीही चढला तरी बहुतेक देशांत तो विकेपर्यंत कर लागत नाही, आणि कधी विकायचे हे मालकच ठरवतो. अमेरिकेत मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या बाबतीत त्या दिवसाचा बाजारभाव हीच मूळ किंमत धरली जाते, त्यामुळे हयातीत झालेल्या वाढीवर आयकर कधीच लागत नाही. दराच्या चर्चेत ही सवलत नजरेआड होते.

आता विरोधकांचे म्हणणे. दहा वर्षांत गुंतवणूक दुप्पट झाली आणि बाजारातल्या किमतीही दुप्पट झाल्या, तर हाती आलेला ‘नफा’ केवळ कागदावरचा असतो. त्यावर कर घेणे म्हणजे मुद्दलच कुरतडणे. शिवाय, वेतनावर कर भरून जे शिल्लक राहिले त्यातूनच बचत झालेली असते. हे आक्षेप मला रास्त वाटतात. म्हणून बिनजोखमीच्या (उदाहरणार्थ, सरकारी रोख्यांवरील) व्याजाएवढा परतावा करमुक्त ठेवावा आणि त्यापलीकडचे सारे उत्पन्न निदान वेतनाच्या दराने तरी करपात्र धरावे, असे माझे मत आहे.

हे स्वप्नरंजन नव्हे. नॉर्वेने १९९२ मध्ये भांडवली उत्पन्नावर २८ टक्क्यांचा सपाट दर ठेवला, तर मोठ्या पगारांवरचा दर त्याहून बराच चढा राहिला. साहजिकच स्वतःच्या कंपनीत राबणारे मालक आपल्याच मेहनतीचा मोबदला पगार म्हणून न घेता लाभांश म्हणून घेऊ लागले. ही पळवाट बुजवण्यासाठी २००६ पासून तिथे बिनजोखमीच्या परताव्यापलीकडील लाभांशावर भागधारकाला वेगळा कर लागू झाला. दोन्ही उत्पन्नांच्या दरांत मोठी दरी ठेवली की माणसे कामाचे नाव बदलतात, हे यावरून तुझ्या ध्यानात येईल. आणि तुला हवी तशी श्रमाला झुकते माप देणारी दरी ठेवली, तरी उलट दिशेने हेच घडेल. त्यावर तुझ्याकडे काय उपाय आहे, हे पुढच्या मसुद्यात सविस्तर मांडून मला पाठव.

तुझा हितचिंतक