तुमचे प्रश्न : पोराला एकही स्टार नाही, काळजी करायची का?

प्रश्न : आम्ही टेक्सासला फ्रिस्कोत राहतो. मुलगा हायस्कूलला सोफोमोर, म्हणजे दहावीत आहे, अमेरिकन फुटबॉल टीमच्या ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये (बॉल आपल्याकडे असताना समोरच्यांना अडवणारे) खेळतो. त्याच्याच टीममधल्या एका मुलाला रिक्रूटिंगच्या वेबसाइटवर फोर स्टार मिळालेत आणि ह्याचं साधं नाव पण कुठे नाही. पण घरी दोन-तीन युनिव्हर्सिटींची पत्रं आलीत, आमच्या कॅम्पला या म्हणून, त्यामुळे हा हवेत आहे. नवरा म्हणतो पैसे भरून एखाद्या रिक्रूटिंग सर्व्हिसकडे (पोराचं नाव कॉलेजांपर्यंत पोचवतो म्हणणारी कंपनी) नाव घालू. काय करावं? — एक आई

उत्तर : ताई, आधी त्या पत्रांचं बघू, कारण घोळ तिथेच होतो. कॉलेजच्या खेळांचे नियम एनसीएए ही संस्था करते, आणि तिच्या नियमाप्रमाणे डिव्हिजन वनचे, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातल्या कॉलेजांचे, फुटबॉल कोच मुलाला रिक्रूटिंगची पत्रं, मेसेज वगैरे ज्युनियर इयरच्या (अकरावीच्या) १ सप्टेंबरपासूनच पाठवू शकतात. कॅम्पची माहितीपत्रकं मात्र कधीही पाठवता येतात, आणि ती ढिगाने जातात कारण कॅम्पला फी असते. पत्र परत एकदा नीट वाचा, फीचा आकडा आहे, रजिस्ट्रेशन कसं करायचं ते आहे, पण तुमच्या पोराच्या खेळाबद्दल एक ओळ नाही, तर ते सगळ्या गावाला गेलेलं पत्र आहे. त्याला हे सांगा पण जरा सांभाळून, पंधरा-सोळाचं वय आहे.

आता स्टारचं. हे स्टार एनसीएए देत नाही, कॉलेजही देत नाही, २४७ स्पोर्ट्स, रायव्हल्स, ईएसपीएन अशा कंपन्यांचे लोक टेप (मॅचचे व्हिडिओ) बघून, कॅम्पला जाऊन देतात. २४७ च्या मोजणीत ८० ते ८९ म्हणजे थ्री स्टार, ९० ते ९७ फोर, ९८ पासून पुढे फाइव्ह, आणि फाइव्ह स्टार देशभरात साधारण ३२ च पोरांना देतात कारण एनएफएल ह्या व्यावसायिक लीगच्या टीम दरवर्षी ड्राफ्टमध्ये कॉलेजची पोरं निवडतात, त्याच्या पहिल्या राउंडमध्ये ३२ जागा असतात. म्हणजे आज चांगला कोण खेळतो एवढंच ते बघत नाहीत, तीन-चार वर्षांनी एनएफएलला कोण लागेल हा त्यांचा अंदाज असतो. दहा लाखांच्या वर पोरं हायस्कूल फुटबॉल खेळतात, बहुतेकांचं नाव कुठल्याच यादीत येत नाही. त्यात लाइनमनचं शरीर उशिरा भरतं, सोळाव्या वर्षी त्याच्याबद्दल छातीठोक सांगणारा माणूस मला तरी भेटायचाय.

माझं विचाराल तर स्टार बघूच नका, ऑफर बघा, म्हणजे स्कॉलरशिप देऊन टीममध्ये घेतो असा कॉलेजचा शब्द. कोणत्या कॉलेजने ऑफर दिली, किती जणांनी दिली, ह्यात कॉलेजचा पैसा आणि कोचची नोकरी पणाला लागलेली असते, स्टार देणाऱ्याचं काय जातं? सोफोमोरला ऑफर येते ती तोंडी, बऱ्याचदा हायस्कूलच्या कोचमार्फत. एप्रिलच्या मध्यापासून पुढे मे महिन्यात कॉलेजचे कोच शाळाशाळांत फिरतात, तेव्हा तुमच्या कोचला सरळ विचारा की ह्याची टेप कोणी मागितली का, आणि मागितली तर कोणत्या लेव्हलच्या कॉलेजने.

सर्व्हिसला पैसे देऊ नका हो. त्यापेक्षा हडलवर (खेळाचे व्हिडिओ टाकायची साइट) टेप नीट लावा. सगळ्यात भारी प्ले (खेळाचा एकेक डाव) पहिल्यांदा, प्रत्येक प्लेच्या आधी तो कुठे उभा आहे तिथे बाण, आणि शिट्टी वाजेपर्यंत ब्लॉक सोडत नाही असे प्ले निवडा, लाइनमनमध्ये कोच तेच शोधतो. गाणी-बिणी टाकायची गरज नाही. आणि अभ्यास! डिव्हिजन वनला १६ कोअर कोर्स, म्हणजे एनसीएए मोजते ते मुख्य विषयांचे कोर्स, लागतात, त्यातले १० सीनियर इयर (बारावी) सुरू व्हायच्या आत, आणि त्या दहात ७ इंग्लिश, मॅथ्स, सायन्सचे, शिवाय कोअरचा जीपीए (मार्कांची सरासरी) निदान २.३. उद्याच काउन्सेलरची वेळ घ्या.

प्रश्न : आज एनएफएलमध्ये क्वार्टरबॅक (पास टाकणारा) असलेल्यांपैकी जॉश ॲलनला हायस्कूलमधून एकही मोठी ऑफर नव्हती, कॅम वॉर्ड तर झिरो स्टार होता, मग हे रँकिंग सगळं फेकच ना? — कॉलेजात शिकणारा एक फॅन

उत्तर : फेक नाही रे. तू जे दोघं सांगतोयस ते लक्षात राहतात कारण ते अपवाद आहेत. ट्रेव्हर लॉरेन्स, माइल्स गॅरेट हे फाइव्ह स्टार होते आणि दोघंही ड्राफ्टमध्ये पहिले गेले, त्याची कोणी गोष्ट करून सांगत नाही. ड्राफ्टमध्ये थ्री स्टारवाले भरपूर दिसतात कारण मुळात ते आहेतच हजारोंनी, एकेका पोराचा चान्स बघितला तर फाइव्ह स्टारवाला कितीतरी पुढे असतो.

बाकी चुकतात कुठे ते बघण्यासारखं आहे. वॉर्डच्या शाळेत विंग-टी खेळायचे, म्हणजे सगळं धावणं, पास क्वचितच, आता क्वार्टरबॅकने पासच टाकले नाहीत तर स्काउट (खेळाडू हेरणारा) टेपवर बघणार काय? त्याला घेतलं इन्कार्नेट वर्ड ह्या छोट्या युनिव्हर्सिटीने, तिथून वॉशिंग्टन स्टेट, मग मायामी, आणि २०२५ ला ड्राफ्टमध्ये पहिला. ॲलन कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ ह्या शेतीच्या छोट्या गावातला, तिथे स्काउट फिरकत नाहीत, तो रीडलीच्या ज्युनियर कॉलेजात गेला, तिथून वायोमिंगला, आणि २०१८ च्या ड्राफ्टमध्ये सातवा निवडला गेला. उंची-वजन पण नंतर वाढलं त्याचं. म्हणजे छोटं गाव, टेपवर न दिसणारा खेळ आणि उशिरा वाढणारं शरीर, ह्या तीन ठिकाणी रँकिंगवर विसंबू नकोस, बाकी ठिकाणी ते बऱ्यापैकी बरोबर असतं.

प्रश्न : भाच्याने एका कॉलेजला फुटबॉलसाठी कमिट केलंय, म्हणजे तुमच्याकडेच येतो असं सांगितलंय. आता जागा पक्की समजायची का? — एक मामा

उत्तर : नाही मामा. तोंडी कमिटमेंट कुणालाच बांधून ठेवत नाही, पोरगा फिरू शकतो तसं कॉलेजही फिरू शकतं. पूर्वी नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (त्याच कॉलेजला जाईन असं बांधून घेणारं पत्र) असायचं, ते २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झालं, आता आर्थिक मदतीच्या करारावर सही होते, आणि बहुतेकांची सही डिसेंबरच्या अर्ली सायनिंगला होते. हाउस सेटलमेंट ह्या कोर्टातल्या तडजोडीनंतर २०२५ पासून त्यात सामील झालेल्या कॉलेजांना टीममध्ये १०५ च पोरं ठेवता येतात, वर ट्रान्स्फर पोर्टलमधून (कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूंची यादी) तयार एकवीस वर्षांचा गडी मिळत असेल तर कोच हायस्कूलच्या पोराला थांबवतो, थ्री स्टारवाल्यांना ह्याचा फटका जास्त. तेव्हा भाच्याला म्हणावं कोचला स्पष्ट विचार, माझ्या पोझिशनला यंदा किती जण घेताय आणि पोर्टलमधून किती, आणि सही होईपर्यंत बाकीच्यांचे फोन उचलत राहा.