पिकअप घेताना गाडी झटके देते. कंपनी गाडी बदलून देईल का?

प्रश्न : मी साताऱ्याला राहतो. अकरा महिन्यांपूर्वी पुण्याच्या डीलरकडून साडेचौदा लाखांची डीसीटी (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सची गाडी घरच्या वापरासाठी घेतली. ३,२०० किलोमीटरपासूनच पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना ती झटके देते. पुण्याहून परतताना खंबाटकी चढताना तर फारच. चार वेळा वर्कशॉपला दिली. दोनदा 'सॉफ्टवेअर अपडेट केलं' म्हणाले, दोनदा 'दोष आढळला नाही'. आता ९,००० किलोमीटरला म्हणतात, क्लच घासलाय, वॉरंटीत बसत नाही, ६८ हजार भरा. मला गाडीच बदलून हवी आहे. केस टाकू का?

उत्तर : केस टाकाच, पण आजच नको. तुम्ही पाठवलेली चारही जॉबकार्डं (वर्कशॉपचे तक्रार-नोंदीचे कागद) वाचली. तक्रारीच्या रकान्यात नुसतं 'पिकअप प्रॉब्लेम' आणि खाली प्रत्येक वेळी 'कामाबद्दल समाधानी' यावर तुमची सही. डिलिव्हरीच्या घाईत सगळेच अशी सही करतात, पण समोरचा वकील पहिल्या तारखेला हाच कागद पुढे करणार.

म्हणून गाडी पाचव्यांदा द्या आणि तक्रार स्वतःच्या शब्दांत लिहायला लावा : कोणत्या गिअरला, किती वेगाला, इंजिन थंड असताना की तापल्यावर, चढाला की सपाटीला. वर्कशॉपच्या सल्लागाराला शेजारी बसवून ट्रायल घ्या आणि झटका बसला की तशी नोंद करून घ्या. तो नाही म्हणाला तर त्याच संध्याकाळी ई-मेल करा. गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमध्ये बिघाडाचे जे कोड साठलेले असतात त्यांचा स्कॅन रिपोर्ट लेखी मागा. माहिती मुद्दाम दडवणं हीसुद्धा २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार 'सेवेतील त्रुटी' आहे, हे वाक्य त्या मेलमध्ये जरूर घाला.

बाहेरच्या गॅरेजमध्ये गिअरबॉक्स मात्र उघडू नका. वॉरंटीवर वाद उभा राहील आणि पुरावाही जाईल. ६८ हजार भरल्याशिवाय गाडी अडून बसली असेल, तर पैसे भरताना 'हरकत नोंदवून भरत आहे' असं बिलावर लिहा आणि काढलेला जुना क्लच परत मागा.

क्लच हा झिजणारा भाग आहे, हे डीलरचं म्हणणं एरवी खोटं नाही. पण तुमची पहिली तक्रार ३,२०० किलोमीटरची आहे. झटके आधी आले आणि झीज नंतर सांगितली गेली. झटक्यांवर वेळीच इलाज न झाल्यामुळेच क्लच घासला, असं आपल्याला म्हणता येतं. तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम कागद ते पहिलं जॉबकार्ड आहे. त्याची मूळ प्रत जपा.

आता गाडी बदलून मिळण्याबद्दल. इथे मी तुमची निराशा करणार आहे. एखादा भाग सदोष असेल तर तो भाग बदलावा, अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये मारुती उद्योगच्या प्रकरणात सांगितलं. मूळ उत्पादनातलाच दोष तज्ज्ञाने दाखवला तर गाडीची किंमत परत मिळण्याची वाट उघडते, पण आधी तो तज्ज्ञाचा अहवाल हवा. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर ग्राहक आयोग याच कायद्याच्या कलम ३८खाली गाडी तपासायला पाठवू शकतो. तसा अर्ज तक्रारीसोबतच द्या. तपासणीचं शुल्क आधी तुम्हाला भरावं लागू शकतं. मुख्य मागणी क्लच आणि गिअरबॉक्स विनामूल्य बदलून देण्याची ठेवा, पर्यायी मागणी किंमत परतीची, शिवाय त्रासाची भरपाई आणि खर्च. यातलं पहिलं मिळण्यासारखं आहे.

तक्रार साताऱ्याच्याच जिल्हा आयोगात करता येते. तुम्ही राहता तिथे दाद मागायची सोय २०१९च्या कायद्याने दिली आहे. किंमत ५० लाखांच्या आत असल्याने प्रकरण जिल्ह्यातच चालेल आणि शुल्क फक्त ४०० रुपये आहे. वकील न लावताही उभं राहता येतं (हे लिहिताना माझाच धंदा बुडवतोय). डीलर आणि निर्माती कंपनी, दोघांनाही पक्षकार करा, आणि कुणाचं काय चुकलं ते वेगवेगळं लिहा. गोव्यातल्या एका मोटारीच्या प्रकरणात डीलरच्या चुकीसाठी निर्मात्यावर ठेवलेली जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये काढून टाकली, कारण निर्मात्याविरुद्ध नेमका आरोपच नव्हता. मोबाइलवरचे झटक्यांचे व्हिडिओ देणार असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं) प्रमाणपत्र जोडा.

तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. ती खरेदीच्या तारखेपासूनच धरून चला, म्हणजे तुमच्या हाती तेरा महिने उरले आहेत. नोटिसा आणि मेल पाठवत राहिल्याने ही मुदत वाढत नाही. 'पुढच्या महिन्यात कंपनीचा इंजिनिअर येतोय' या आश्वासनावर कित्येकांची दोन वर्षं निघून गेलेली मी पाहिली आहेत. कायद्यात तपासणी लागणाऱ्या प्रकरणाला पाच महिने लिहिलेत. प्रत्यक्षात जास्त धरा.

पाचवं जॉबकार्ड हातात आलं की पंधरा दिवसांची मुदत देऊन दोघांनाही स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. आणि या वेळी गाडी घेताना 'समाधानी'च्या चौकटीपुढे 'नाही' लिहून मगच सही करा.