संशोधनावर भरवसा ठेवायचा, पण कधी?

प्रश्न : समोर ठेवलेली मिठाई न खाता थांबणारं मूल पुढे यशस्वी होतं, असं पालकसभेत ऐकलं. माझी चार वर्षांची लेक दोन मिनिटंही थांबत नाही. (पालक, नाशिक)

काळजी करू नका. हे येतं मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांच्या अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या प्रयोगातून : आत्ता एक खाऊ घे, किंवा थोडं थांब आणि दोन घे. तो मुख्यतः विद्यापीठाच्याच बालवाडीतल्या मुलांवर झाला होता. २०१८ मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली. त्यात अनेकांच्या आया कॉलेजची पदवी नसलेल्या होत्या. थांबण्याचा आणि पंधराव्या वर्षीच्या अभ्यासातल्या प्रगतीचा संबंध पूर्वीच्या निम्माच निघाला. घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर त्यातलाही बराचसा विरला. घरात उद्या खाऊ मिळेलच याची खात्री नसेल, तर आजच खाणारं पोर शहाणंच म्हणायचं.

प्रश्न : म्हणजे आधीचं सगळं खोटंच? (निवृत्त शिक्षक, सांगली)

खोटं वेगळं, कच्चं वेगळं. नेदरलँड्सचे मानसशास्त्रज्ञ डिडेरिक स्टापेल यांनी आकडे चक्क रचले होते. २०११ मध्ये ते उघड केलं त्यांच्याच हाताखालच्या तरुण संशोधकांनी. एरवी दोष असतो तो मोजकी माणसं घेण्याचा आणि सोयीचे निकाल तेवढे छापण्याचा. २०१५ मध्ये मानसशास्त्रज्ञांनीच शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळच्या ९७ टक्के अभ्यासांत परिणाम संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला होता, या खेपेला जेमतेम ३६ टक्क्यांत. हा आकडा त्यांनी स्वतःहून जगापुढे ठेवला, म्हणून मला या शास्त्राबद्दल आशा वाटते. मानसशास्त्रज्ञ डॅना कार्नी यांचंही तसंच. ऐटीत उभं राहिल्याने शरीरातली संप्रेरकं बदलतात, हा त्यांचा २०१० चा गाजलेला निष्कर्ष ४२ जणांवर बेतलेला होता. दोनशे जणांवर तो टिकला नाही, तेव्हा २०१६ मध्ये त्यांनी जाहीरपणे लिहिलं, की माझा आता यावर विश्वास नाही.

प्रश्न : बातमी वाचताना काय पाहावं? (विद्यार्थिनी, पुणे)

किती माणसं, कुठली आणि दुसऱ्या कुणी तो प्रयोग करून पाहिला का. शिवाय काय तपासणार हे आधीच नोंदवलं होतं का, तेही. ‘कॉर्टेक्स’ या नियतकालिकाने २०१३ पासून प्रयोग होण्याआधी त्याचा आराखडा पाहूनच लेख स्वीकारायची सोय केली. निकाल काहीही लागो, लेख छापला जातो. मग आकडे ओढूनताणून जुळवायची गरजच उरत नाही.

प्रश्न : सर्वेक्षणवाले घरी येऊन कर्जाबद्दल विचारतात. सांगावं का? (गृहिणी, बीड)

आधी त्यांनी सांगायला हवं : संस्था कोणती, माहिती कशासाठी, नाव गुप्त कसं राहील. मधेच थांबायचा हक्क तुम्हाला आहे. हे न सांगता आधी सही मागितली, तर सरळ नाही म्हणा.