मल्टिकास्टचे झोन पाडताय? आधी एवढंच करा

भाऊ, मल्टिकास्ट (एकदाच पाठवलेला डेटा मागणाऱ्या सगळ्यांपर्यंत पोचवणं) ज्या त्या जागेपुरतं राहावं म्हणून नागपूरच्या बर्डीचं ऑफिस आणि हिंगण्याच्या दोन इमारती वेगळ्या झोनमध्ये ठेवायच्या, हा तुमचा विचार बरोबर आहे. फक्त टीटीएलच्या (पॅकेट किती राउटर ओलांडू शकतं त्या आकड्याच्या) भरवशावर हद्द आखू नका. सुरुवातीला बहुतेक जण तेच करतात. हद्द मल्टिकास्टच्या आयपी पत्त्यावर आखा. त्यासाठी २३९.०.०.०/८ हा पट्टा (म्हणजे २३९ ने सुरू होणारे सगळे पत्ते) राखीव आहे, आरएफसी २३६५ या इंटरनेटच्या दस्तऐवजात १९९८ पासून.

- एका जागेपुरतं असेल ते २३९.२५५.०.०/१६ मध्ये, संस्थाभर जायचं ते २३९.१९२.०.०/१४ मध्ये. दोन्ही जागा २३९.२५५ वापरू शकतात, कारण हद्द त्यांना वेगळं ठेवते.
- हद्द राउटरच्या इंटरफेसवर (लिंक जिथे जोडते तिथे) लागते, आणि ती आत-बाहेर दोन्हीकडून अडवणारी हवी. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक इंटरफेसवर लावा. बॅकअप लिंकवर लावायची राहते, हे मी खूपदा पाहिलंय.

सगळ्यात जास्त त्रास मात्र झोनच्या आकाराचा होतो. झोनमधल्या कोणत्याही दोन ठिकाणांमधली वाट झोनबाहेरून जाता कामा नये. हिंगण्याच्या एका इमारतीतून दुसरीत जाणारा ट्रॅफिक बर्डीच्या राउटरवरून फिरून येत असेल, तर तो हद्दीवरच अडेल आणि तुम्ही स्विचला दोष देत बसाल. म्हणून आधी कागदावर वाटा काढा, मुख्य लिंक बंद पडली असं धरूनही एकदा काढा. मग कॉन्फिगरेशनला हात लावा.

२३९.०.०.० आणि २३९.१२८.०.० पासूनचे पहिले २५६ पत्ते टाळा. बरेच स्विच ते सगळ्या पोर्टवर सोडतात.

आरपी (पाठवणारे आणि घेणारे जिथे जुळतात तो राउटर), एमएसडीपी (असे आरपी एकमेकांना माहिती देतात तो प्रोटोकॉल) वगैरे सध्या राहू द्या. एक झोन नीट चालू द्या, मग नकाशा इथे टाका, मिळून पाहू.