‘क्लायमॅक्टिक’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ व उगम काय? तो ‘क्लायमॅटिक’पेक्षा वेगळा कसा?

‘क्लायमॅक्टिक’ म्हणजे उत्कर्षबिंदूचा, ज्या ठिकाणी प्रसंग शिगेला पोहोचतो तिथला. आमच्या विदर्भात झाडीपट्टीचे नाटक रात्रभर चालते, आणि ज्या प्रवेशासाठी बायाबापड्या शाल पांघरून थंडीत पहाटेपर्यंत बसून राहतात, त्याला इंग्रजीत ‘क्लायमॅक्टिक सीन’ म्हणतील.

‘क्लायमॅक्स’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ शिडी. इंग्रजीत तो १६व्या शतकात आला, तोही वक्तृत्वशास्त्रातील संज्ञा म्हणून. प्रत्येक वाक्यांश आधीच्यापेक्षा वरचढ होत जाईल अशा रचनेला हे नाव होते. आपला ‘सार’ अलंकार याच जातीचा आहे. म्हणजे शब्द मुळात चढत जाण्याचा होता. केवळ शेवटच्या, सर्वांत वरच्या पायरीला क्लायमॅक्स म्हणण्याची रीत पुढे १८व्या शतकात रुळली आणि ‘क्लायमॅक्टिक’ हे विशेषण तर १९व्या शतकात घडले. वापरताना हा चढ ध्यानात ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. आधी काही चढत आलेलेच नसेल, तर अचानक घडलेली घटना कितीही मोठी असली तरी तिला हे विशेषण शोभत नाही.

‘क्लायमॅटिक’ म्हणजे हवामानविषयक. अवकाळी पावसाने सोयाबीन गेले, तर कारण क्लायमॅटिक. दोन्ही शब्द ‘कलणे’ या अर्थाच्या एकाच ग्रीक धातूपासून आल्यामुळे गल्लत होणे स्वाभाविक आहे. स्पेलिंगमध्ये ‘टी’च्या लगेच आधी ‘सी’ असेल, तर तो शब्द उत्कर्षाचा समजावा.

याच कुळातला ‘क्लायमॅक्टेरिक’ हा शब्द बागायतदारांच्या अधिक कामाचा आहे. ग्रीकमध्ये शिडीच्या पायरीला जो शब्द आहे, त्यावरून तो आला आणि पूर्वी आयुष्यातील कठीण वळणाच्या वर्षांसाठी वापरला जाई. फळशास्त्रात मात्र, आंबा किंवा केळी पिकू लागताना त्यांचे श्वसन झपाट्याने वाढत शिगेला पोहोचते, त्या टप्प्याला तो लावतात; म्हणूनच कैऱ्या आढीत घालून पिकवता येतात. संत्र्यात असा चढ नसतो. त्यामुळे वरूड-मोर्शीकडचे संत्रे कच्चे तोडले तर साल पुढे पिवळी करता येते, पण आतली गोडी झाडावर होती तेवढीच राहते.