पावसाळाभर बंद राहणारी शेड: हत्यारं गंज आणि उंदरांपासून वाचवताना

प्रश्न थोडक्यात असा: गुहागरच्या बाजूला गावी १० बाय १५ फुटांची चिऱ्याची शेड, वर पन्हाळी पत्रा, आत सुतारकामाची हत्यारं आणि एक टेबल सॉ. जूनला कुलूप लागतं ते गणपतीला उघडतं. दरवर्षी पटाश्या, रंधे गंजलेले आणि वायरी कुरतडलेल्या. लोक सुचवतात ते उपाय असे: शेडमध्ये किलोभर सिलिका जेल (ओल शोषणारे खडे) ठेवा, खिडक्या उघड्या ठेवून हवा खेळती राहू द्या, डांबरगोळ्या टाका. तिन्ही निरुपयोगी आहेत, आणि दुसऱ्याने तर नुकसानच होईल.

आधी हिशोब. २७ अंशांना ९० टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम पाणी असतं. तुमची शेड ९ फूट उंच धरली तर ३८ घनमीटर, म्हणजे हवेत जवळपास ९०० ग्रॅम पाणी. किलोभर जेल फार तर ३००-४०० ग्रॅम पाणी ओढतं. त्यातून पत्र्याखालच्या फटींमधून आतली हवा दिवसातून कितीदा तरी बदलते आणि जांभ्याचा चिरा भिंतीतून ओल देत राहतो ते वेगळंच. समुद्राजवळ लोखंडावर खाऱ्या हवेतल्या मिठाचा थर बसतो आणि तो स्वतःच ओलावा धरतो, त्यामुळे ६०-६५ टक्क्यांच्या खाली गंज थांबतो हा नेहमीचा ठोकताळाही तिथे पुरत नाही. खिडकी उघडी ठेवली की हाच खारा, दमट वारा आत घ्यायचा. म्हणून शेड कोरडी करायचा नाद सोडा. ओल पेटीत अडवायची आणि उंदीर भिंतीत. बहुतेक लोक नेमकं उलट करतात.

पेटी म्हणजे झाकणाला रबरी रिंग आणि वर पत्र्याची क्लॅम्प असलेलं ५०-६० लिटरचं निळं पिंप. केमिकलचं जुनं मिळतं, पण ॲसिडचं घेऊ नका. डिटर्जंटचं वगैरे चालेल, चांगलं धुऊन दोन दिवस उन्हात ठेवायचं. गोल, गुळगुळीत भिंतीला उंदराचा दात सहसा लागत नाही, त्याला कुरतडायला कड लागते. पत्र्याची ट्रंक हवाबंद नसते. तीच वापरायची असेल तर झाकणाच्या कडेला दाराला लावतात ती रबरी पट्टी चिकटवा. बंद पडलेला फ्रिजही उत्तम कपाट होतो, फक्त मागचं पाण्याचं भोक बुजवा.

पिंपात जेल किती घालायचं हे हवेवर नाही, लाकडावर ठरतं. ५० लिटर हवेत जेमतेम सव्वा ग्रॅम पाणी असतं. पण पटाश्यांच्या मुठी आणि रंध्यांचं लाकूड मिळून दोन किलो असेल आणि ते १४ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आलं, तर ८० ग्रॅम पाणी पेटीतच सुटतं. त्यासाठी अर्धा किलो जेल लागतं. म्हणून ५० ग्रॅमच्या पुड्या टाकणाऱ्यांची हत्यारं बंद पेटीतही गंजतात. नारिंगी रंगाचं जेल घ्या, भरलं की हिरवट होतं. ओव्हनमध्ये १२० अंशांना, सेंटीमीटरभर जाडीच्या थरात दोन-तीन तास ठेवलं की पुन्हा तयार. कपाटात टांगायच्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या हत्यारांजवळ अजिबात नकोत. त्यातलं पाणी म्हणजे क्षारांचा पाक, एक थेंब गळला की खड्डा पडतो. पेटीत स्पंज, पुठ्ठा, वर्तमानपत्र, चामड्याची म्यानं काहीच ठेवू नका, सगळी ओल धरतात.

शेडमध्ये बल्ब लावून ठेवायची जुनी युक्ती खरी आहे, पण कपाटापुरती. २७ अंश आणि ९० टक्के असलेली हवा ३४ अंशांवर नेली की आर्द्रता ६० टक्क्यांवर येते. मात्र त्यासाठी तारेचा बल्ब हवा, एलईडी फारसा गरम होत नाही. आणि वीज तीन महिने टिकेल या भरवशावर कोकणात काही ठेवू नये.

आता तेल. हत्यार आधी कोरड्या फडक्याने, मग रॉकेलने पुसा आणि नंतर हातमोजे घालूनच तेल लावा. घामाचे बोटांचे ठसे गणपतीपर्यंत जसेच्या तसे उमटतात. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला छान, पण मागे राहणारा थर इतका पातळ की तीन महिने पुरत नाही. गंजरोधक तेल किंवा शिलाई मशीनचं तेल वापरा. खोबरेल लावू नका: ते खवट होतं, त्यातली आम्लं लोखंडाला खातात, आणि वासाने उंदीर येतात ते वेगळंच. कानशींना तेल नकोच, पुढच्या वेळी घसरतात आणि बुरा दातांत चिकटतो. त्या कोरड्या करून एकेक व्हीसीआय कागदात (गंज रोखणारी वाफ सोडणारा, औषध लावलेला कागद) गुंडाळा, औषधाची बाजू आत.

टेबल सॉ पिंपात मावणार नाही. त्याच्या बिडाच्या टेबलावरचा भुसा आधी पूर्ण काढा, खास करून बाभूळ किंवा खैराचा. ओल लागली की लोखंडावर काळे डाग पडतात. मग ग्रीसचा पातळ हात, आणि त्यावर प्लॅस्टिक असं दाबून चिकटवा की मध्ये हवेचा बुडबुडा राहणार नाही. नुसती ताडपत्री टाकली तर खाली घाम धरतो. मोटरच्या जाळीवर बारीक जाळीचं कापड बांधा, नाहीतर कुंभारीण माशी मातीचं घर करते. बॅटऱ्या अर्ध्या चार्जवर ठेवून सोबत घरी न्या आणि मेन स्विच पाडा.

उंदरांसाठी भर दुपारी आत जाऊन दार लावा आणि उजेड कुठून येतो ते बघा. ज्या फटीत पेन्सिल जाते तिथून पिल्लू उंदीर येतो, ६ मिलिमीटर त्याला पुरतात. चिऱ्याच्या शेडमध्ये सर्वांत मोठी वाट म्हणजे पत्र्याच्या लाटा आणि भिंतीचा माथा यांमधली. तिथे ६ मिलिमीटरची जीआय वेल्डेड जाळी लाटेच्या आकारात दुमडून सिमेंटने पक्की करा. फटीत फवारून फुगणारा पीयू फोम उंदीर सहज कुरतडतात. भिंतीतल्या भोकांत भांडी घासायची स्टीलची घासणी कोंबून वर माल भरा. साधं लोखंडी वूल खाऱ्या हवेत एका पावसात गळून जातं. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोका. घूस असेल तर बाहेरून भिंतीलगत ३० सेंमी खोल आणि तेवढीच बाहेर वळवलेली जाळी पुरावी लागेल. पत्र्यावर टेकलेल्या झावळ्या छाटा, काळे उंदीर माडावरूनच उतरतात. आतली सुपारी, नारळ, सरसाचे तुकडे, किंतानं, चिंध्या बाहेर काढा. जवसाच्या तेलाच्या चिंध्या तर ढीग करून ठेवूच नका, आपोआप पेटतात.

कुलूप लावण्याआधी दोन आठवडे सापळे लावा: भिंतीलगत, खटक्याचं टोक भिंतीकडे, आमिष म्हणून सुका बोंबील. मग रात्री भिंतीच्या कडेने रांगोळीचा पातळ पट्टा ओढा. लागोपाठ तीन रात्री पावलं उमटली नाहीत तरच शेड बंद करा, नाहीतर उंदीर आतच कोंडाल. बंद शेडमध्ये उंदराचं औषध ठेवणं टाळा. मेलेला उंदीर आतच कुजत राहतो, आणि झिंक फॉस्फाइड असेल तर ओलीने त्यातून विषारी वायू सुटतो. अल्ट्रासोनिक यंत्रांवर पैसे घालवू नका. डांबरगोळ्या हवा येते-जाते अशा शेडमध्ये फक्त उडून जातात.

गणपतीला उघडताना हातमोजे आणि मास्क घाला, लेप्टोची (उंदराच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) साथ कोकणात थट्टेची नाही. लेंड्या कोरड्या झाडू नका, आधी भिजवा. टेबल सॉ चालू करण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीचं इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) मोटर तपासून घ्या. एक मेगाओमपेक्षा कमी दाखवलं तर आधी सुकवा. किरकोळ गंजाला लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूफूल, दोन-चार तास. मग सोड्याच्या पाण्यात बुडवून लगेच पुसा आणि तेल लावा, नाहीतर तासाभरात नवा पिवळा थर येतो. जमिनीवर ब्लीचिंग पावडरचं पाणी चालेल, पण उंदराच्या मुताचा डाग लोखंडावर असेल तर तिथे ब्लीच लावू नका, मुतापेक्षा तेच जास्त खातं. साबणाच्या पाण्याने पुसा, वर स्पिरिटचा हात फिरवा आणि तेल लावा.